रिकाम्या फॉलिकलची पांथरी: रिटुक्सिमॅबनंतर काढलेल्या एका प्लीहेचे सूक्ष्मदर्शकाखालील वाचन

एका शिक्षण रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात फॉर्मलिनच्या डब्यातून एक पांथरी, म्हणजेच प्लीहा, तपासणीसाठी आली. सोबतच्या अर्जावर ‘स्त्री, वय ३४, आयटीपी, प्लीहा काढली आहे, लिम्फोमा नाही ना ते पाहावे’ एवढेच लिहिलेले होते. आयटीपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेने प्लेटलेट नष्ट करण्याचा आजार, आणि त्यासाठी काढलेली पांथरी हा आमच्याकडे अधूनमधून येणारा नमुना आहे. त्याचा अहवाल बहुधा चार ओळींत संपतो आणि त्यात लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, नाही, एवढेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हवे असते. या नमुन्याने मात्र आम्हांला थांबायला लावले, कारण पांथरीतील प्रतिकार-ऊतकाचा एक संपूर्ण विभाग जागेवर नव्हता आणि अर्जावरच्या माहितीतून त्याचा उलगडा होत नव्हता. त्या रिकाम्या जागेचा अर्थ लावता लावता रुग्णेच्या पुढच्या उपचारांतला एक महत्त्वाचा निर्णय बदलला. रुग्णेची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

नमुना हाती आला तेव्हा

पांथरी अखंड होती, ही पहिली समाधानाची गोष्ट. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पांथरी पिशवीत घालून, आत फोडून तुकड्यातुकड्यांनी लहान छिद्रातून बाहेर काढण्याची पद्धत रूढ आहे. रुग्णाच्या दृष्टीने ती सोयीची आहे, परंतु तशा लगद्यातून ऊतकाची रचना वाचणे फार कठीण जाते. या वेळी शल्यचिकित्सकांनी लिम्फोमाची शंका मनात ठेवून जखम थोडी मोठी केली आणि अवयव सलग बाहेर काढला. वजन १६५ ग्रॅम भरले. प्रौढ माणसाची पांथरी साधारण १५० ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे ती वाढलेली म्हणता येत नव्हती, आणि आयटीपीमध्ये पांथरी सहसा वाढतही नाही. रक्तवाहिन्या पांथरीत शिरतात त्या खाचेजवळच्या चरबीत १.२ सेंटिमीटरचा एक गडद लाल, गोल मणीही होता. ती उपप्लीहा होती. सुमारे १० ते ३० टक्के माणसांत अशी एखादी छोटी जास्तीची पांथरी सापडते आणि आयटीपीमध्ये ती मागे राहिली तर आजार परतण्याचे ते एक कारण ठरू शकते, म्हणून शल्यचिकित्सकांनी ती शोधून काढली होती.

पांथरी रक्ताने भरलेली असल्यामुळे फार लवकर सडते. अख्खी पांथरी फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवली तर बाहेरचा थर टिकतो आणि आतला भाग दुसऱ्या दिवशी चिखलासारखा होतो, हे प्रत्येक निवासी डॉक्टरला एकदा तरी पाहावे लागते. म्हणून आल्याबरोबर आम्ही तिचे पावाच्या कापांसारखे पातळ काप केले, ते मुबलक फॉर्मलिनमध्ये सुटे ठेवले आणि रात्रभर गेल्यावर पुन्हा पाहिले.

निरोगी पांथरीचा ताजा काप नीट पाहिला तर गडद लाल पृष्ठभागावर खसखशीच्या दाण्याएवढे करडे-पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात. मार्चेल्लो माल्पीगी याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि पुढे ते त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. हे ठिपके म्हणजे पांथरीतील प्रतिकार-ऊतकाची गावे, म्हणजेच पांढरा गर. आयटीपीमध्ये ते कित्येकदा नेहमीपेक्षा ठळक आणि फुगीर दिसतात. या रुग्णेच्या पांथरीचा काप एकसारखा लाल होता. भिंग घेऊनही ठिपका दिसेना. निवासी डॉक्टरने ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना उघड्या डोळ्यांनी पाहून कापतानाच्या, टिपणात ‘पांढरा गर अस्पष्ट’ असे लिहिले, ते योग्यच होते, पण त्या वेळी त्याचे महत्त्व आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

शेजारी ठेवलेली दुसरी स्लाइड

पांथरीच्या बाबतीत काय हरवले आहे हे ठरवायचे तर काय असायला हवे ते डोळ्यांसमोर हवे. म्हणून रस्त्यावरील अपघातात फुटल्यामुळे काढावी लागलेल्या एका तरुणाच्या पांथरीचा जुना ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला तुकडा, आम्ही कपाटातून काढला आणि दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या. या तुलनेतली त्या तरुणाची स्लाइड थोडी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे.

पांथरीला रक्त आणणारी धमनी आत शिरून तंतुमय पट्ट्यांच्या आधाराने फांद्या फोडत जाते. या फांद्या पट्टी सोडून मऊ गरात शिरतात तेव्हा त्यांच्याभोवती लसिकापेशींची, म्हणजे प्रतिकाराचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, बाही चढते. ही बाही मुख्यतः टी-पेशींची असते आणि तिच्या मधून जाणाऱ्या धमनिकेला मध्य-धमनिका म्हणतात. बाहीच्या वाटेवर ठिकठिकाणी एका बाजूला गोल गाठ फुगलेली दिसते, जशी उसाच्या कांड्यावर पेऱ्याशी डोळा फुगतो तशी. ही गाठ म्हणजे बी-पेशींचा, ज्यांच्यापासून प्रतिपिंडे मिळतात त्या लसिकापेशींचा, फॉलिकल. फॉलिकल फुगला की धमनिका एका कडेला ढकलली जाते, त्यामुळे नावात ‘मध्य’ असूनही ती मध्यावर क्वचितच सापडते. नवशिक्या विद्यार्थ्याला पांथरीची स्लाइड ओळखण्यासाठी हीच खूण सांगितली जाते: लसिकापेशींच्या गोलात कडेला सरकलेली धमनिका दिसली की ती पांथरी समजावी.

फॉलिकल सक्रिय असेल तर त्याच्या पोटात फिकट जर्मिनल सेंटर असते. तेथे बी-पेशी वेगाने विभाजित होतात, आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांत बदल घडवतात आणि ज्यांची पकड चांगली तेवढ्याच जगतात. बाकीच्या मरतात आणि त्यांचे तुकडे मोठ्या भक्षकपेशींच्या पोटात काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. जर्मिनल सेंटरभोवती लहान, दाट पेशींचे गडद कडे असते, त्याला मँटल म्हणतात. त्याच्याही बाहेर किंचित फिकट, रुंद असे तिसरे कडे असते, ते मार्जिनल झोन. येथील पेशींभोवती पेशीद्रव्य जास्त असल्याने रंग उतरल्यासारखा वाटतो. उंदरात या कड्याच्या आत मार्जिनल सायनस नावाची स्पष्ट रक्तपोकळी असते, माणसात ती नसते. प्राण्यांवरील प्रयोगांची चित्रे पाहून माणसाच्या पांथरीत तशी पोकळी शोधत बसण्याची चूक विद्यार्थी अजून करतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मार्जिनल झोनचे महत्त्व पांथरीच्या एका वैशिष्ट्यातून येते. लसिकाग्रंथीकडे बाहेरून लसिकावाहिन्या येतात आणि त्यांच्यातून रोगजंतूंचे अंश पोहोचतात. पांथरीला अशी आत येणारी लसिकावाहिनी नाही. तिच्याकडे जे येते ते थेट रक्तातून येते आणि मार्जिनल झोन या रक्ताच्या तोंडावरच वसलेला आहे. न्यूमोकोकससारख्या जंतूंच्या अंगावर शर्करेचे जाड कवच असते. अशा कवचाविरुद्ध टी-पेशींच्या मदतीची वाट न पाहता ताबडतोब आयजीएम प्रतिपिंडे बनवण्याचे काम मार्जिनल झोनच्या बी-पेशी विशेषत्वाने करतात. दोन वर्षांखालील बालकात हे कडे पुरते पिकलेले नसते. त्या वयात नुसत्या शर्करेची न्यूमोकोकल लस नीट लागत नाही याचे एक कारण हेच मानले जाते, आणि म्हणूनच लहान मुलांना ती शर्करा प्रथिनाला जोडलेली संयुग्मित लस दिली जाते.

उरलेला, आकारमानाने कितीतरी मोठा भाग म्हणजे तांबडा गर. बारीक धमनिकांची टोके येथे जाळीदार दोरांसारख्या ऊतकात उघडी पडतात. या ऊतकाला बिलरोथच्या नावाने ओळखले जाते. रक्तपेशी तेथे नळी सोडून मोकळ्या जाळीत येतात आणि पुन्हा शिरांकडे जाण्यासाठी त्यांना सायनस नावाच्या रक्तपोकळ्यांच्या भिंतीतील फटींतून अंग चोरून जावे लागते. सायनसच्या अस्तरपेशी पिंपाच्या फळ्यांप्रमाणे लांबट असतात आणि त्यांच्याभोवती पिंपाच्या कड्यांप्रमाणे तंतूंची वलये असतात. सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची लाल पेशी त्याहून कितीतरी अरुंद फटीतून जाते, तेव्हा लवचीक पेशी पार होते आणि ताठर किंवा प्रतिपिंड चिकटलेली पेशी भक्षकपेशींच्या हाती सापडते. प्लेटलेटचेही तेच. शरीरातील सुमारे एकतृतीयांश प्लेटलेट कोणत्याही क्षणी पांथरीत असतात, त्यामुळे ज्यांच्या अंगावर प्रतिपिंड बसले आहे त्या प्लेटलेट येथे फार काळ वाचत नाहीत.

तरुणाच्या स्लाइडवर हे सारे ठळक होते. रुग्णेच्या स्लाइडवर तांबडा गर जवळपास तसाच होता, फक्त दोरांमध्ये फेसाळ पेशीद्रव्याच्या भक्षकपेशी गटागटाने पसरलेल्या होत्या. प्लेटलेट गिळून त्यांतील मेदद्रव्य साठल्याने भक्षकपेशींना असे रूप येते, आयटीपीच्या पांथरीत ते अपेक्षितच आहे. पांढऱ्या गरात मात्र धमनिकेभोवतीची बाही तेवढी दिसत होती. ती अरुंद होती, पण सलग होती. तिच्या कडेला फॉलिकलचे फुगवटे नव्हते. काही ठिकाणी फॉलिकल असावा असा फिकट, विरळ पेशींचा गोल होता, एखाद्या पडक्या वाड्याचे जोते दिसावे तसा. जर्मिनल सेंटर, मँटल, मार्जिनल झोन यांपैकी एकही कडे कोठे ओळखता येत नव्हते.

कोऱ्या स्लाइडचा प्रश्न

निवासी डॉक्टरने पहिल्या मसुद्यात ‘पांढऱ्या गराचा ऱ्हास, दीर्घ स्टेरॉइड-उपचारामुळे असावा’ असे लिहिले. तर्क चुकीच्या दिशेने नव्हता. स्टेरॉइडमुळे जर्मिनल सेंटर आक्रसतात आणि फॉलिकल लहान होतात. पण स्टेरॉइड सारा पांढरा गर झिजवतात, बी-पेशींचा भाग तेवढा पुसून टी-पेशींची बाही शाबूत ठेवत नाहीत. हा नेमकेपणा कशामुळे आला याचे उत्तर हवे होते.

लिम्फोमाची शंका अर्जावर होतीच, म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे, म्हणजे ठरावीक प्रथिन रंगवून पेशीची जात ओळखण्याचे, स्टेन मागवले. सीडी आणि पुढचा आकडा हे अशा खुणेच्या प्रथिनाचे नाव. टी-पेशींसाठी सीडी ३ लावले तेव्हा बाही तपकिरी रंगात उजळली. सीडी ८ लावले तेव्हा टी-पेशींबरोबर सायनसचे अस्तरही रंगले. माणसाच्या पांथरीत ही अस्तरपेशी सीडी ८ धारण करते, त्यामुळे तांबड्या गराचा नकाशा त्या एका स्टेनवर उमटतो आणि तो येथे मोडलेला नव्हता. पांथरीच्या लिम्फोमात हा नकाशा आक्रमणामुळे विस्कळीत होतो, हे ध्यानात घेता ही गोष्ट दिलासा देणारी होती. बी-पेशींसाठी सीडी २० लावले आणि स्लाइड कोरी आली. विरळ दोन-चार पेशींखेरीज तपकिरी काहीच नव्हते.

अशा वेळी पहिला संशय स्टेनवर घ्यायचा असतो. प्रतिपिंडाची बाटली जुनी झाली असेल, तापवण्याची पायरी चुकली असेल. परंतु त्याच फेरीत, त्याच स्लाइडच्या कडेला ठेवलेला टॉन्सिलचा नियंत्रण-तुकडा गडद रंगला होता. म्हणजे रसायन चालले होते. तेव्हा मी उपचार करणाऱ्या रक्तविकार विभागाला फोन केला आणि रुग्णेच्या उपचारांची यादी विचारली. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, दोनदा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, त्यानंतर प्लेटलेट वाढवणारे एल्ट्रोम्बोपॅग (यकृताची एन्झाइम वाढल्यामुळे ते थांबवावे लागले होते), आणि शस्त्रक्रियेच्या १४ आठवडे आधी संपलेला रिटुक्सिमॅबचा चार मात्रांचा क्रम. शेवटची ही गोष्ट अर्जावर नव्हती. ती लिहिलेली असती तर आमचे चार दिवस वाचले असते. त्याहून काळजीची बाब अशी की घाईत कोणी फक्त सीडी २० पाहून आणि उरलेल्या टी-पेशी मोजून एखाद्या दुर्मीळ टी-पेशी विकाराचा अहवालही लिहू शकले असते. प्लीहेच्या अर्जावर मागच्या वर्षभरातील प्रतिकारशमन करणारी औषधे लिहावीत, हा आग्रह मी तेव्हापासून धरला आहे.

रिटुक्सिमॅब हे सीडी २० वर बसणारे प्रतिपिंड आहे. ते बी-पेशी रक्तातून आणि पांथरीतूनही हटवते आणि साधारण सहा महिने तरी त्या परत येत नाहीत. पण त्याचा वापर झालेला असेल तर सीडी २० वर अवलंबून राहता येत नाही, कारण उरलेल्या बी-पेशी असल्या तरी त्यांच्या अंगावरचा सीडी २० झाकला गेलेला किंवा हरवलेला असू शकतो. म्हणून दुसऱ्या वाटेने खात्री करावी लागते. आम्ही सीडी ७९ए आणि पॅक्स ५ लावले.

सीडी ७९ए च्या स्लाइडने क्षणभर गोंधळात टाकले. ती कोरी नव्हती. धमनिकांच्या आसपास आणि तांबड्या गराच्या दोरांतून तपकिरी पेशींचे लहान लहान घोळके दिसत होते. बी-पेशी उरल्या आहेत असे म्हणून येथेच थांबता आले असते. पॅक्स ५ मात्र जवळपास कोरे होते. या दोन स्टेनमधला फरक हाच या प्रकरणाचा गाभा आहे. पॅक्स ५ हे बी-पेशींच्या केंद्रकातील प्रथिन, पेशी प्रतिपिंडे सोडणारी प्लाझ्मा पेशी बनली की नाहीसे होते, सीडी ७९ए मात्र प्लाझ्मा पेशीतही टिकते. घोळक्यातील पेशी तेलभिंगाखाली पाहिल्या तेव्हा अंडाकृती देह, एका कडेला गेलेले केंद्रक, त्यात घड्याळाच्या तबकडीवरील आकड्यांप्रमाणे परिघावर मांडलेले क्रोमॅटिनचे (जनुकद्रव्याचे) ठोकळे आणि केंद्रकाच्या कुशीत एक फिकट चंद्रकोर असे त्यांचे रूप दिसले. त्या प्लाझ्मा पेशी होत्या. सीडी १३८ ने दुजोरा दिला. प्रतिपिंडांच्या कापा आणि लॅम्डा या दोन्ही प्रकारच्या साखळ्या मिसळून होत्या, म्हणजे एकाच पेशीची ही वाढलेली संतती नव्हती आणि प्लाझ्मा पेशींचा कर्करोगही नव्हता. शेजारच्या अपघाती पांथरीतही प्लाझ्मा पेशी होत्याच, कारण निरोगी पांथरीत त्या असतात. पण येथे त्यांचे प्रमाण पहिल्या नजरेत भरेल इतके अधिक होते. उपप्लीहेच्या त्या मण्यात, छोट्या प्रमाणावर, अगदी हेच चित्र होते.

चित्राचा अर्थ

आयटीपीमध्ये पांथरीची भूमिका दुहेरी आहे, हे वैद्यकाला बरेच आधी उमगले. १९१६ मध्ये प्रागमधील पाउल काझ्नेल्सन या वैद्यकीय विद्यार्थ्याने अशा रुग्णाची पांथरी काढून पाहावी असे सुचवले आणि प्लेटलेट खरोखरच वाढल्या. त्याचा युक्तिवाद होता की प्लेटलेट पांथरीत मरतात. १९५० मध्ये सेंट लुई येथे विल्यम हॅरिंग्टन यांनी आयटीपीच्या रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले आणि काही तासांत त्यांच्या प्लेटलेट कोसळल्या, त्यावरून रक्तद्रवातच काहीतरी घातक आहे हे दिसले. ते काहीतरी म्हणजे प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे. ती प्रतिपिंडे बनवण्यातही पांथरीचा मोठा वाटा असतो. म्हणजे प्लेटलेटवर खूण करणारे आणि खूण पाहून त्या गिळणारे, दोघेही एकाच अवयवात, मिलिमीटरभर अंतरावर राहतात.

रिटुक्सिमॅबचा हेतू यांतील पहिल्यांची जुळणी बंद करण्याचा असतो. बी-पेशी गेल्या की नव्या प्लाझ्मा पेशी तयार होत नाहीत आणि अल्पायुषी प्लाझ्मा पेशी संपल्या की प्रतिपिंडे घटावीत, अशी अपेक्षा असते. कित्येक रुग्णांत तसे होतेही. पण प्लाझ्मा पेशींच्या अंगावर सीडी २० नसतो, त्यामुळे ज्या आधीच बनल्या आहेत त्यांना हे औषध शिवत नाही. २०१३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी रिटुक्सिमॅब निष्फळ ठरल्यावर काढलेल्या आयटीपीच्या पांथऱ्या तपासल्या, तेव्हा त्यांना तेथे दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी सापडल्या. त्यांची जनुकीय ठेवण अस्थिमज्जेतील दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींसारखी होती आणि त्यांतल्या काही प्लेटलेटविरोधी प्रतिपिंडे सोडत होत्या. जणू बी-पेशी नाहीशा झाल्यामुळे मोकळ्या झालेल्या परिसरात या पेशींना दीर्घकाळ टिकण्याजोगे वातावरण मिळाले, असा अर्थ त्यांनी मांडला.

आमच्या रुग्णेच्या स्लाइडवर दिसलेले चित्र या वर्णनाशी जुळणारे आहे. यापुढे एक पाऊल टाकण्याचा मोह होतो आणि तो आवरला पाहिजे. स्टेनवरून पेशी प्लाझ्मा पेशी आहे हे कळते, ती कोणाविरुद्ध प्रतिपिंड बनवते हे कळत नाही. या घोळक्यातील काही पेशी प्लेटलेटविरोधी असतील, काही बालपणी टोचलेल्या लशीच्या आठवणी सांभाळत असतील. म्हणून अहवालात आम्ही ‘रिटुक्सिमॅबनंतरचा बी-विभागाचा जवळपास संपूर्ण ऱ्हास, टी-विभाग शाबूत, मिश्र साखळ्यांच्या प्लाझ्मा पेशींची वाढ, तांबड्या गरात फेसाळ भक्षकपेशी, लिम्फोमाचा पुरावा नाही’ असे लिहिले. रिटुक्सिमॅब निष्फळ ठरण्याशी हे सुसंगत आहे, एवढेच टिपणात जोडले. कारण सिद्ध झाले असे म्हटले नाही.

अहवालाने काय बदलले

येथपर्यंतचा भाग शैक्षणिक म्हणून सोडून देता आला असता. पण स्लाइड पाहताना एक प्रश्न मनातून जाईना, आणि तो रक्तविकार विभागाशी बोलून टाकणे मला आवश्यक वाटले. रुग्णेला शस्त्रक्रियेच्या १६ दिवस आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझी बी यांच्या लशी दिल्या होत्या. नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी या लशी द्याव्यात असा दंडक आहे आणि तो पाळला गेला होता. कागदावर रुग्णा सुरक्षित होती. स्लाइडवर मात्र त्या लशींना उत्तर द्यायला कोणी उरलेलेच नव्हते. लस टोचली त्या दिवशी रिटुक्सिमॅबची शेवटची मात्रा देऊन बाराही आठवडे पूर्ण झालेले नव्हते. मार्जिनल झोन मोकळा होता, फॉलिकल मोकळे होते, जर्मिनल सेंटर उभे राहायला बी-पेशी नव्हत्या. रिटुक्सिमॅबनंतर सहा महिन्यांच्या आत दिलेल्या लशींना प्रतिसाद क्षीण असतो, हे माहीत असलेले ज्ञान आहे. पण शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली की पंधरवड्याचा नियम डोळ्यांसमोर राहतो आणि त्यामागचे ऊतक नजरेआड होते. रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधीच, पुढे पांथरी काढावी लागू शकते हे धरून, या लशी द्यायला हव्या होत्या.

पांथरी नसलेल्या माणसाला होणारा जंतुसंसर्ग किती वेगाने जातो हे १९५२ पासून नोंदलेले आहे. त्या वर्षी किंग आणि शुमाकर यांनी पांथरी काढलेल्या बालकांतील गंभीर जंतुसंसर्गाची मालिका प्रसिद्ध केली. सकाळी थंडीताप आणि संध्याकाळपर्यंत रक्तदाब कोसळलेला, असे हे दुखणे असते. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना याची दुसरी बाजू ओळखीची आहे: सिकलसेलच्या रुग्णाची पांथरी शस्त्रक्रियेविनाच, रक्तवाहिन्या तुंबून तुंबून निकामी होत जाते. आपल्याकडच्या अरब-भारतीय प्रकारच्या सिकलसेलमध्ये तर ती पुष्कळदा मोठ्या वयापर्यंत पोटाला हाताने लागते. हाताला लागते म्हणून ती काम करते असे मात्र धरून चालत नाही. या रुग्णेची स्थिती वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचली होती. अवयव नव्हता, आणि अवयव जाण्याआधी त्याच्याकडून करून घ्यायचे काम झालेले नव्हते.

रक्तविकार विभागाने तिला लस न मिळालेली रुग्णा समजून पुढची आखणी केली. रोजची पेनिसिलीनची गोळी सुरू केली. ताप आला तर वाट न पाहता घ्यायचे प्रतिजैविक घरी ठेवायला दिले आणि ते घेऊन लगेच रुग्णालयात यायचे, हे तिला व तिच्या घरच्यांना समोर बसवून समजावले. कुत्रा चावला तर जखम लहान दिसली तरी दाखवायची, मलेरियाच्या भागात जायचे असेल तर आधी विचारायचे, हेही सांगितले. पांथरी काढल्याची नोंद असलेले एक कार्ड पाकिटात ठेवायला दिले. रक्तातील बी-पेशी सीडी १९ ने मोजत राहायचे आणि त्या परतल्यावर, रिटुक्सिमॅबला सहा महिने उलटल्यानंतर, लशी नव्याने द्यायच्या असे ठरले. त्यात न्यूमोकोकसची संयुग्मित लस आधी घेतली. शर्करेला प्रथिन जोडलेले असल्याने ती टी-पेशींची मदत मिळवते आणि लसिकाग्रंथींतील फॉलिकलमध्येही काम साधू शकते. पांथरीच्या मार्जिनल झोनवर तिची भिस्त तितकी नसते, आणि तो झोन तर आता कायमचाच गेला होता. नुसत्या शर्करेची २३ प्रकारांची लस त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी ठेवली.

प्लेटलेटची संख्या शस्त्रक्रियेआधी मायक्रोलिटरला ९,००० होती. दुसऱ्या आठवड्यात ती ४ लाखांच्या वर गेली आणि मग खाली येऊन स्थिरावली. आयटीपीसाठी पांथरी काढलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांशांना टिकाऊ लाभ होतो. ही रुग्णा त्यांत राहील की नाही हे आठ महिन्यांच्या नोंदीवरून ठरवता येणार नाही, कारण दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींची वस्ती अस्थिमज्जेतही असते आणि ती आम्ही पाहिलेली नाही.

आठव्या महिन्यात तिचा रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेला थेंब, माझ्याकडे आला. लाल पेशींत मधूनमधून एकेक गोल, गडद जांभळा, नीट काठांचा ठिपका होता. ते हॉवेल-जॉली पिंड, म्हणजे केंद्रकाचे राहून गेलेले अंश. पांथरी असताना सायनसच्या फटीतून जाताना पेशीच्या अंगातून ते खुडून काढले जातात, त्यामुळे निरोगी माणसाच्या स्मिअरवर ते दिसत नाहीत. येथे ते होते, म्हणजे पोटात कोठे पुरेसे काम करणारी उपप्लीहा मागे राहिलेली नसावी. प्लेटलेट १ लाख ९० हजार होत्या, सीडी १९ पेशी रक्तात परत दिसू लागल्या होत्या, आणि नव्या लसीकरणाची पहिली मात्रा त्याच आठवड्यात दिली गेली.